बापाचं झबलं

डॉक्टर पद्मिनींनी कागद पुढं सरकवला. देवश्रीनं तपासणीचं नाव वाचलं नाही. आकडा तेवढा वाचला. शून्याला लागूनच होता.

डॉक्टर समजावत होत्या. तांबड्या पेशींची राखण करणारं एक एन्झाइम बाळाच्या अंगात जवळजवळ नाहीच. एरवी कळतही नाही. पण डांबरगोळीची वाफ श्वासातून, कातडीतून आत गेली, की त्या पेशी भराभर फुटतात आणि बाळ पिवळं पडतं.

"वो झबला गोलियों में ही रखा था ना?"

देवश्रीनं मान हलवली.

काचेपलीकडं निळ्या दिव्याखाली पाच दिवसांचं बाळ उघडं निजलं होतं. रक्त बदललं होतं. पिवळेपणा उतरत होता. हा वाचणार होता.

झबलं सुशीलचं होतं, बाळाच्या बापाचं. तान्ह्याला पहिल्यांदा जुनंच घालायचं, म्हणून सासूबाईंनी ते तीस वर्षं पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या टाकून जपलेलं. धुतलं तर बापाच्या अंगाचा वास जाईल, म्हणून नुसतं झटकून घातलं. तीन वर्षांपूर्वी पहिल्यालाही तेच घातलं होतं. तो सहाव्या दिवशी गेला. कावीळ, एवढंच कागदावर आलं.

देवश्रीला रडू येईना. तिनं एकच विचारलं, "ये कमी आती कहाँ से है?"

"माँ से. बेटे में."

तिला हायसं वाटलं.

बाहेर बाकावर सासूबाई, इंदूबाई, बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी चहाही घेतला नव्हता.

"काय म्हणते डॉक्टरीन?"

"माझ्याकडून आलं, आई," देवश्री शेजारी बसत म्हणाली. "माझ्या रक्तातून. पहिल्यालेबी तेच होतं."

"अन् झबलं?"

"झबल्याचं काही नाही त्यात. तुम्ही चहा घ्या."

इंदूबाईंनी सुनेचा हात ओढून मांडीवर घेतला.

"खोटं काहून बोलून राहिली, पोट्टी? दोघंही त्याच झबल्यात पिवळे पडले, हे डॉक्टरीनले मीच तं सांगतलं."