विहीणबाईंची समई

आमच्या विहीणबाई माझ्या भांड्यांच्या दुकानात येतात, माझाच चहा पितात, समई हातात तोलून भाव विचारतात, मोबाइलवर तिचा फोटो काढतात आणि "बघते हं" म्हणत उठतात. घरी जाऊन तीच समई थेट चीनहून मागवतात. तिकडं म्हणे निम्म्या भावात मिळते. मिळेल की! तिकडच्यांना आमच्या पेठेतलं गाळ्याचं भाडं कुठं भरायचंय? अशानं माझं दुकान म्हणजे फुकट बघायचं प्रदर्शन होणार.

परवा पार्सलवाला माझ्या दुकानात आला. शेजारच्याच वाड्यातल्या विहीणबाईंच्या दाराला कुलूप; धाकट्या लेकीच्या लग्नाची आमंत्रणं करत फिरत होत्या. "मावशी, तुम्ही ठेवून घ्या," म्हणाला. घेतलं. खोकं फोडलं, समई चिंचेनं घासून लख्ख केली, फळीवर मांडली आणि वर माझा भाव लिहिलेली चिठ्ठी डकवली.

पार्सलवाल्यानं कळवलं तशा विहीणबाई धापा टाकत आल्या. "अहो, माझीच समई मला विकता?"

"माझ्या फळीवर आहे ना? मग भावही माझाच."

तेवढ्यात एक बाई दुकानात शिरली. तिनं तीच समई तोलली, भाव विचारला, फोटो काढला आणि "बघते हं" म्हणून चालू लागली.

विहीणबाई तिच्या मागं पायरीपर्यंत धावल्या. "घ्यायची नव्हती तर हाताळली कशाला? काही रीतभात आहे की नाही?"

मी हसू गिळलं आणि समई पुसून त्यांच्या ओटीत घातली.

"न्या, तुमचीच आहे. पण यापुढं चहासुद्धा चीनहूनच मागवायचा, विहीणबाई!"