जागा एकच होती

विद्यापीठाच्या विद्यार्थी-साहाय्य कक्षात ती हंगामी समुपदेशक होती. डोळे मात्र शिकवण्याच्या नोकरीकडे लागलेले. दर महिन्याला कुठे ना कुठे अर्ज जायचाच.

कक्षप्रमुख म्हणाले, "अगं, आपल्याकडच्या प्राध्यापकपदासाठी ज्यांची निवड झाली नाही, त्यांना कळवायचंय. पोरांची समजूत घालतेस ना, तसं चार शब्द गोड लिही."

'तुमची पात्रता कमी नव्हती, जागा एकच होती,' असं तिने लिहिलं. मग यादी उघडली. सतरावं नाव तिचंच होतं.

"सर, यात मीही आहे."

ते ओशाळले. "अरेच्चा! मग तुझं वगळ. तुला कळलंच की."

"असू दे, सर."

तिने सगळी पत्रं पाठवली आणि स्वतःला आलेलं उघडून सावकाश वाचलं. सहा वर्षांत तिच्या कुठल्याही अर्जाला आलेलं ते पहिलंच उत्तर होतं.