जपानी मशीन

मशीनवाल्या काकांनी साठ वर्षांपूर्वीची ती जपानी शिलाई मशीन महिनाभर खपून जिवंत केली. गंज काढला, रंग दिला, अडकलेलं चाक लोण्यासारखं फिरू लागलं. मालकीणबाई न्यायला आल्या आणि किंचाळल्याच, "काका, हे काय केलंत! हिचं जुनेपण कुठे गेलं?"

"अहो ताई, टाका तरी बघा कसा पडतोय!"

"शिवायचंय कुणाला? हॉलमध्ये ठेवायचीय."

काकांनी पॉलिश पेपर घेतला आणि महिन्याची मेहनत स्वतःच्याच हातांनी खरवडून काढली. ताई भलत्याच खूश झाल्या. दोन दिवसांत त्यांच्या तीन मैत्रिणी "आम्हालाही अश्शीच हवी" म्हणत दुकानात हजर.

 

आठवड्याभरात काकांनी नवी पाटी लावली : 'नव्या मशीन जुन्या करून मिळतील.'