इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली

मेट्रननी कागद वाचला, घडी घातली आणि सिस्टरच्या खिशात परत सरकवला.

“काल नऊ नंबरचं इंजेक्शन मी सात नंबरला देणार होते, मॅडम,” सिस्टर म्हणाली. “सुई दंडाला टेकली होती. आजोबांनी ‘हे कसलं?’ विचारलं, म्हणून वाचलो दोघंही. सलग पाळ्या आता नको, एवढंच लिहिलंय.”

“दिलं नाहीस ना? मग झालं. गेटवर तुझा आठ फुटी फोटो लावलाय. ‘आमची हिरो’. हिरोच्या हातून कुठे चुका होतात?”

फोटो झोप झालेल्या दिवशीचा होता. आज दोन पाळ्या सलग करून सिस्टरचे पाय सुजले होते आणि दुपारच्या यादीतही तिचंच नाव होतं. दुसरं कुणी मिळत नाही म्हणे. मिळेल कशाला? एकीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की चार जणींचं काम भागतं. सिस्टरला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. काल आजोबांना डुलकी लागली असती तर?

दोन वाजता फोटोग्राफर आला. वॉर्डातच मानपत्र द्यायचं होतं. पेशंट उशा टेकून बसले, टाळ्या झाल्या. मेट्रननी डाव्या हाताने मानपत्र दिलं आणि शेकहँडसाठी उजवा हात पुढे केला.

सिस्टरने त्या हातात कपाटाची किल्ली ठेवली आणि मेट्रनची बोटं मिटवली. फ्लॅश उडाला.

“हे काय?”

“चार्ज. पहिल्याच आठवड्यात तुम्ही शिकवलंत. किल्ली टेबलावर ठेवायची नाही, हातातून हातात द्यायची. ज्याच्या हातात किल्ली, त्याचा वॉर्ड.”

मेट्रन हसल्या. किल्ली ठेवायला टेबलाकडे वळल्या आणि हात मध्येच थांबला. सत्तावीस वर्षांची सवय. किल्ली काही खाली ठेवली जाईना.

“नऊ नंबरचं इंजेक्शन तीनला आहे,” सिस्टरने सांगितलं. “बाकी सगळं रजिस्टरमध्ये लिहिलंय.” आणि तिने पर्स खांद्याला लावली.

मेट्रनचा आवाज एकदम खाली आला. “अगं, नऊ वर्षांत मी सुई हातात धरलेली नाही. माझ्या हातून काही चुकलं तर?”

सात नंबरच्या आजोबांनी दंड हळूच पांघरुणात घेतला.

सिस्टरने खिशातला घडीचा कागद काढून मेट्रनच्या दुसऱ्या हातात दिला.

“हा असू द्या. लिहून तयार आहे, मॅडम. फक्त नाव बदला.”