सबब, समज देण्यात यावी

तक्रार कोणी केली, हे प्राचार्यबाईंनाही दिसत नव्हतं. जुन्या सिस्टममध्ये तक्रारीसाठी नावानिशी अर्ज द्यावा लागे, त्यामुळे त्या वाटेला कोणी फिरकत नसे. नव्या सिस्टममध्ये एक बटण दाबलं की काम फत्ते, आणि नाव गुलदस्त्यात.

बाईंनी चष्मा सावरून स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. "सर विषय उत्तम शिकवतात. परंतु शंका विचारणाऱ्यास सर्वांदेखत 'हे तुमच्या डोक्यावरून जाणार' असे सुनावतात. सबब, त्यांना समज देण्यात यावी."

समोर बसलेल्या सरांचे कान तापले. बारा वर्षं ते या संस्थेत कार्यालयीन लेखन शिकवत होते, तेही दरवर्षी नव्या करारावर. ही यंदाची दुसरी तक्रार होती. तिसरी आली की करार संपला असं समजा, एवढं बाईंनी स्वच्छ सांगितलं.

सर तडक सिस्टमवाल्याच्या खोलीत गेले. हा टक्कल पडलेला, संथ माणूस गेले दोन महिने सगळ्या शिक्षकांच्या शिव्या खात होता. सरांनी तक्रारदाराचं नाव मागितलं, त्यानं मान हलवली. नव्या आवृत्तीत तास फोनवरच भरणार, शंकाही टाइप करूनच येणार; तासाला, चर्चेच्या फळ्यावर आणि उत्तरपत्रिकेवरही फक्त क्रमांक दिसणार, नावं निकाल लागल्यावरच उघडणार, असं त्यानं दहाव्यांदा समजावलं. निकाल लागला की गुण आणि शेरा त्याच क्षणी विद्यार्थ्याच्या फोनवर, आणि मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

"म्हणजे मी कोणाला शिकवतो, ते मलाच कळायचं नाही," सर म्हणाले.

"तपासणीत कोणावर अन्याय होऊ नये म्हणून, सर."

पण सरांच्या हाती एक धागा लागला होता. सबब. पहिल्याच तासाला त्यांनी सबब, सदरहू, उपरोक्त या मंडळींना सेवानिवृत्त करून टाकलं होतं. तरीही जो ते लिहितो, त्याच्या हाडीमाशी कोर्टकचेरी भिनलेली असणार. सरांना हे वाण वासावरून कळे. त्यांचे सासरे कोर्टात कारकून होते आणि किराण्याची यादीसुद्धा अर्जाच्या थाटात लिहीत.

सरांच्या माहितीत वर्गात असा एकच होता, वकील. वकिली अर्धवट सोडलेला, चाळिशीला टेकलेला, शब्दाशब्दाला फाटे फोडणारा. मागच्या सत्रात सरांनी त्याला नापास केलं होतं. यंदा प्रवेशाचे पैसे भरायला आला, तेव्हा जिन्यात गाठून तो म्हणाला होता, "पुन्हा बसलोय, सर. आता बघूच." सरांना आणखी पुरावा नको होता.

त्या संध्याकाळी घरी सरांनी बायकोपुढे सगळी मळमळ ओकली. तक्रार शब्दन् शब्द म्हणून दाखवली. घरात दोघंच, त्यामुळे ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. ती भांडी पुसत ऐकत राहिली.

"मग, दिली का?" तिनं विचारलं.

"काय?"

"समज."

तू यात पडू नकोस, असं म्हणून सर उठून गेले. सकाळी निघताना, आज निकाल लावायचाय, उशीर होईल, असं त्यांनी सांगितलं. किती वाजता लागणार, असं तिनं विचारलं, पण सर मोजे शोधत होते.

दुपारपर्यंत सव्वीस उत्तरपत्रिका झाल्या. सत्तावीस क्रमांकाची उघडली. नळजोडणीतली चूक दुरुस्त करण्यासाठी अर्ज लिहायचा होता. अर्ज चांगला होता. छोटी वाक्यं, कुठे पाल्हाळ नाही. आणि चौथ्या ओळीत, ऐटीत बसलेलं, सबब.

सरांच्या मनातला राग एकदम गोड झाला. त्यांनी चर्चेचा फळा उघडून सत्तावीसचा जुना मजकूर शोधला. आठवड्यापूर्वी त्यानं विचारलं होतं, प्रमाणपत्र महिनाअखेरीआधी मिळेल का? एका कार्यालयात जागा आहे आणि पुढच्या वर्षी वय आड येईल. म्हणजे वकिलाची ही शेवटची गाडी होती.

सरळ हिशेबानं पासष्ट गुण होत होते. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागत. आपण पाप करतोय, हे सरांना पुरतं कळत होतं. पण बारा वर्षांची रोजीरोटी जो हिसकावू पाहतो, त्याला कसली दयामाया? त्यांनी एकोणचाळीस दिले. एका गुणानं पडलेला माणूस तो एक गुण जन्मभर विसरत नाही. खाली शेरा लिहिला, "भाषा कालबाह्य. नोकरीचा नाद सोडा. हा विषय तुमच्या डोक्यावरून गेला आहे."

सगळ्या उत्तरपत्रिका संपल्यावर त्यांनी सिस्टमवाल्याला बोलावून घेतलं. त्यानं बटण दाखवलं आणि नक्की ना, म्हणून विचारलं. सरांनी बटण दाबलं.

क्रमांकांपुढे एकेक नाव उमटू लागलं. सरांनी अधीरपणे वकील शोधला. तो आठ क्रमांकावर होता. एकाहत्तर गुण, आणि सरांचाच शेरा, "प्रगती स्तुत्य."

मग त्यांनी सत्तावीस क्रमांक उघडला. आडनाव त्यांचंच होतं. नाव बायकोचं होतं. पतीचे नाव, या रकान्यात सर स्वतः होते.