तिन्ही दलांचं बारसं

पत्नी इंदुमती गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवसापासून निवृत्त सुभेदार घोरपड्यांच्या घराला सेनापती उरला नव्हता.

पण नातवाचं बारसं घरीच करायचं, ही तिची इच्छा होती. मुलगा नौदलात, मुलगी वायुदलात; सुभेदारांनी दोघांना बसवून नकाशासह मोहीम आखली. "तिच्यावाचून जमलं नाही, असं कुणी म्हणता कामा नये," त्यांनी बजावलं.

मंडप आणि जेवण भूदलाने सांभाळलं, पाळणा नौदलाने पक्क्या गाठींनी बांधला, पाहुणे वायुदलाने आणले. वेळेआधी तासभर सगळं सज्ज! आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली आणि तशीच थांबली.

"दादा, नाव काय ठरलं?"

"ते तुझ्याकडे होतं ना? आत्या तू!"

"बाप तू! बाबा, तुम्हाला तरी माहीत?"

सुभेदार नकाशा उलटून बघू लागले.

"मला वाटलं, नावही मोहिमेत असेल," सूनबाई म्हणाली. "आई असत्या तर..."

"तिघांना उठाबशा काढायला लावल्या असत्या," म्हणत सुभेदार त्या फोननंतर पहिल्यांदाच पोट धरून हसले. सगळा मंडप हसला.

जेवणं उत्तम झाली. बाळाचं नाव ठेवायचं अजून राहिलं आहे.