चौदाशे घरांचं प्रमाण

नोटीस काढणाऱ्या साहेबाने जन्मात कधी डंखाच्या यंत्रासमोर बसून मिरची कुटून घेतलेली नाही, हे दर्शनाने पहिल्या दोन ओळींतच ओळखलं. पाकिटातला मसाला खाऊन मोठा झालेला माणूस. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मसाल्यात काय काय पडतं ते ऑनलाइन भरा, पिशवीवर छापील लेबल लावा, मुदत एक महिना, नाहीतर दुकानाला टाळं. आणि हे कधी, तर एप्रिलमध्ये. लालबागेत वर्षाचा मसाला याच दिवसांत होतो. अख्खी गल्ली शिंकत असते. त्यात याला लेबल हवं.

दुकान लहान. पुढे दोन डंख, मध्ये भाजायची कढई, मागे एक खोली. त्या खोलीत कपाटाएवढं काळं मशीन, हिरव्या अक्षरांची स्क्रीन आणि तिच्यापुढे दर्शनाचे वडील. राजाराम एका कापड गिरणीच्या कॉम्प्युटर खात्यात वीस वर्षं होते. गिरणी बंद पडून लिलाव झाला तेव्हा लोकांनी पंखे उचलले, कपाटं उचलली. यांनी भंगाराच्या भावात हे धूड उचलून आणलं. मग घराघरातल्या बायकांची मसाल्याची प्रमाणं विचारून त्यात भरली. प्रत्येक घराला एक नंबर. चौदाशे घरं. चिठ्ठी नाही, वही नाही. बाईने नंबर सांगायचा, की तिच्या सासूच्या हातचा मसाला तयार. दुकान उभं होतं ते एवढ्यावरच. प्रमाण चुकलं तर बाई पुन्हा पायरी चढत नाही.

"तीनशे बारा," गंगुबाईने मिरचीची पिशवी काट्यावर टेकवली.

"बाबा, तीनशे बारा," दर्शनाने आत आवाज दिला.

आतून चार-पाच बटणं वाजली. प्रिंटर मेल्यापासून राजाराम मोठ्याने वाचूनच दाखवायचे. "मिरची पाच किलो. बेडगी तीन, संकेश्वरी दोन. धणे दीड किलो. दगडफूल शंभर ग्रॅम. त्रिफळं या वेळी निम्मीच टाक, हिच्या सुनेला जळजळ होते."

"बघितलंस?" गंगुबाई शेजारणीला म्हणाली. "कॉम्प्युटर कधी चुकत नाही."

पण या कॉम्प्युटरला इंटरनेट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. दर्शना आठवडाभर विचार करत होती. नवीन घ्यावं तर हंगामात दुकानाची घडी विस्कटणार. जुनंच ठेवावं तर टाळं. आणि हे मशीन चालवता येणारा माणूस अख्ख्या लालबागेत एकच, तोही बहात्तर वर्षांचा. "मला शिकवा," असं ती तीन वर्षं म्हणत होती. "तुला नाही जमायचं," एवढंच उत्तर मिळायचं. समोरचा धणेवाला रमाकांत तर रोज टोमणा मारायचा, "तुझो बापूस नि ता मशीन, दोगांचे पार्ट आता बाजारात गावणत नाय."

शेवटी तिने दादरच्या अभयला बोलावलं. जुन्या मशीनमधली माहिती काढून नव्यात भरून देणं हाच त्याचा धंदा. सोमवारी दुपारी दुकान बंद ठेवून तिने वडिलांना समजावलं. "बाबा, सगळं नवीन मशीनमध्ये जाईल. बटण दाबलं की लेबल बाहेर. तुम्ही सुटलात. खुशाल गावी जाऊन पाय पसरून बसा."

राजाराम खुर्चीतून उठलेही नाहीत. अभयला त्यांच्या बाजूने अंग चोरून मशीनच्या मागे जावं लागलं.

त्याने मागचं झाकण काढलं. टॉर्च मारला. बराच वेळ आत बघत राहिला.

"काका, यात डिस्क कुठेयत?"

राजाराम स्क्रीनकडे बघत होते. हिरवा ठिपका उघडझाप करत होता.

"ताई, हे रिकामं आहे," अभय दर्शनाला म्हणाला. "नुसता पंखा फिरतोय. सगळी माहिती डिस्कवर असते, त्या काढून नेल्यात कुणीतरी."

"मीच नेल्या," राजाराम म्हणाले. "लॅमिंग्टन रोडला. तिथला दुरुस्तीवाला म्हणाला, जळल्या, एक अक्षर वाचता येणार नाही. तीन वर्षं झाली."

दर्शनाला आधी आठवली नोटीस. मग आठवल्या चौदाशे बायका. तीन हंगाम. रोज वीस-पंचवीस नंबर. एकही पिशवी परत आली नव्हती.

"मग मी नंबर सांगायचे तेव्हा तुम्ही..."

"एकेक प्रमाण मीच भरलं होतं गं. राहिलं डोक्यात."

"मग बटणं कशाला बडवत होतात? तीन वर्षं, बाबा. रोज माझ्यासमोर. उद्या तुम्हाला काही झालं असतं तर मी या बायकांना काय तोंड दाखवलं असतं? एकदा सांगितलं असतंत तर बसून लिहून काढलं असतं ना सगळं."

"चुकलो," राजाराम म्हणाले. "उद्यापासून लिहून घे. एकपासून सांगतो, चौदाशेपर्यंत." त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "गिरणीत हे मशीन बंद केलं सकाळी अकराला. त्यावर काम करणारे आम्ही नऊजण बाराच्या आत गेटबाहेर होतो. आता तू सांग. डिस्क मेली हे मी तेव्हाच बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी मला या खुर्चीत बसू दिलं असतंस?"